सगळ्यात थंड फरशी

दोन हजार सालाच्या आगेमागे आमच्या भागात घराघरांत टाइल्सचं खूळ शिरलं. लग्न निघालं की टाइल्स, धान चांगलं झालं की टाइल्स, पोरगा पोलिसात लागला की टाइल्स. कोणत्या रंगाच्या घालायच्या यावर महिना महिना वाद चालायचे. पण जुनी फरशी काढून तिचं करायचं काय, हे कोणी विचारातही घ्यायचं नाही. ट्रॅक्टर भरायचा आणि रस्त्याच्या कडेला, नालीत, नाहीतर बोडीच्या, म्हणजे गावच्या छोट्या तळ्याच्या, पाळीवर नेऊन उपडा करायचा. डोळ्याआड झालं की संपलं. ते असं संपू न देणारा एकच माणूस मी माझ्या आयुष्यात पाहिला, सुदाम शहारे.

केशोरीच्या अलीकडं आमचं गाव. मी तिथल्या शाळेत मास्तरीण, आणि गावच्या पाटलाच्या घरची सून. म्हणजे मान दोन्हीकडून फुकटचा. सगळं गाव मला 'बाई' म्हणायचं, सुदामभाऊही म्हणायचा. बारीक, काटक माणूस. अर्धी खाकी चड्डी, वर बाराही महिने एकच पांढरा सदरा आणि खांद्याला कापडी पिशवी. पिशवीत छन्नी, हातोडी, बांबूच्या पाचरांची एक जुडी आणि स्टीलचा एक गिलास. कोणाकडंही चहा मिळाला तरी तो स्वतःच्या गिलासातच घ्यायचा. कोणी कप पुढं केला की म्हणायचा, "माझा गिलास माझ्यापाशी आहे जी, वरून ओता." मला ती सवय आवडायची. माणूस किती नेटका आहे, असं मी शाळेत पोरांना उदाहरण द्यायची. आता आठवलं की माझीच मला लाज वाटते.

पायात त्यानं कधी काही घातलं नाही. पाय रुंद, भेगाळलेले, आणि अंगठ्याशेजारचं बोट अंगठ्यापेक्षा नखभर लांब. आमच्याकडं म्हणतात, बाईचं ते बोट लांब असलं की ती नवऱ्यावर हुकूम चालवते. मी एकदा त्याला चिडवलं, "सुदामभाऊ, तुमचं बोट पाहा, घरात तुमचाच हुकूम चालत असेल."

"कायचा हुकूम बाई," तो म्हणाला. "माझ्या घरची तं बोट आखूड असून चालवते."

तो पहिल्यांदा माझ्या नजरेत भरला तो नव्व्याण्णव साली, आमच्या शाळेचा व्हरांडा नवा करायचा होता तेव्हा. हेडमास्तरांनी दोन मजूर लावले होते. त्यांनी घन उचलला, पहिल्या फरशीवर घातला, तिचे चार तुकडे झाले. सुदामभाऊ रस्त्यानं चालला होता. आवाज ऐकून तो फाटकातून सरळ आत आला.

"काऊन फोडून राहिले जी?"

हेडमास्तर म्हणाले, "जुनी झाली. नवीन घालायची आहे."

"दगड जुना होत नाई, मानूस होते. थांबवा ते."

आमचे हेडमास्तर तसे कोणाचं ऐकणाऱ्यातले नव्हते. पण हा माणूस उत्तराची वाट न पाहता खाली बसला आणि बोटाच्या पेरानं एकेक फरशी वाजवू लागला, डॉक्टर पोट वाजवून पाहतो तशी. "हे पोकर आहे. हे धरून आहे. हे उद्या सकारी निंगेल." सगळ्या सांध्यांत त्यानं पाणी सोडलं आणि निघून गेला. दुसऱ्या दिवशी आला, सांध्यात बांबूची पाचर घातली, हळूहळू ठोकली, पुन्हा पाणी सोडलं, पुन्हा ठोकली. लोखंडी सब्बल वापरायची नाही, लोखंड दगडाचा कोपरा खाते, म्हणायचा. मग फरशी थोडीशी सुटली की खाली ओलं बारदान सरकवायचं आणि त्यावरून ओढून काढायची. चार दिवसांत अख्खा व्हरांडा उठवला, एक कोपरा तुटला नाही. काढलेली प्रत्येक फरशी तो उलटी करून धुवायचा, खालची बाजू नीट निरखायचा, मग भिंतीला टेकवून ठेवायचा. मला वाटलं, चुना निघाला का ते पाहत असेल.

त्या फरश्या त्यानं शाळेच्या हातपंपाभोवती बसवल्या. पोरांचे पाय चिखलातून सुटले. हेडमास्तरांनी झेंडावंदनाच्या भाषणात ही कल्पना स्वतःची म्हणून सांगितली. सुदामभाऊ मागं उभा राहून टाळ्या वाजवत होता.

तेव्हापासून आसपासच्या गावांत कोणाच्या घरी फरशी निघायची असली की त्याला बोलावणं जायचं. काही लोक कौतुकानं बोलवायचे, बरेचसे फुकटात कचरा उचलून नेतो म्हणून बोलवायचे. त्याला दोन्ही सारखंच. मात्र कुठली फरशी कुठं जाणार, हे तोच ठरवायचा, आणि त्याचे त्याचे नियम ठरलेले होते. स्वयंपाकघरातली फरशी जिथं माणसं जेवतात तिथंच गेली पाहिजे. ओसरीवरची जिथं माणसं बोलत बसतात तिथं. मोरीतली गोठ्यात. बाळंतिणीच्या खोलीतली फरशी निघाली तर ती अंगणवाडीत नेऊन बसवायचा. फुटकेतुटके तुकडे त्याच्या वस्तीतल्या पाणंदीत, तेही खाली माती चोपून, धार वर येणार नाही असे. एकदा मी म्हटलं, "दगडाला काय कळतं सुदामभाऊ, आधी कुठं होता ते."

"दगडाले नाई कडत. तुमाले कडते ना?" तो म्हणाला. शाळेत असं तोंड बंद करणारा विद्यार्थी मला मिळाला नाही.

टाइल्सवर त्याचा राग होता असं नाही, पण त्या त्याच्या पचनी पडल्या नव्हत्या. "याच्यामंदी तोंड दिसते. फरशीले तोंड कायले पायजे?" असं विचारायचा. एकदा अशाच एका नव्या हॉलमध्ये घसरून पाठीवर आपटला. उठला आणि घरमालकालाच म्हणाला, "तुमची फरशी मले राहू देत नाई जी. मी जातो."

त्याचा खरा राग पाहिला तो बोडीच्या प्रकरणात. रस्त्यांची कामं घेणाऱ्या गावातल्या एका गुत्तेदारानं घर नवं केलं. तो बरीच वर्षं गोंदियात राहिलेला, बोलणं सगळं हिंदीमिश्रित. त्यानं सुदामभाऊला न बोलावता आपल्या बाथरूमच्या जुन्या टाइल्स घनानं फोडल्या आणि ट्रॅक्टरनं नेऊन बोडीत ओतल्या. आठ दिवसांत गावच्या तीन म्हशींचे खूर कापले. एका बाईचा तळपाय उभा चिरला. लोक गुत्तेदाराच्या नावानं बोटं मोडत होते, पण त्याच्या तोंडावर बोलायला कोणी जाईना. सुदामभाऊनं एक टोपलं घेतलं आणि पाण्यात उतरला. सलग तीन दिवस तो त्या बोडीत पायानं चाचपत एकेक तुकडा वेचून काढत होता. तिसऱ्या दिवशी बैलगाडी जुंपली, पोती भरली आणि थेट गुत्तेदाराच्या घरी. नव्याकोऱ्या हॉलमध्ये, चकचकीत टाइल्सवर, चिखलानं निथळणारी सात पोती नेऊन ठेवली.

"अरे, क्या कर रहा है बे?" गुत्तेदार ओरडला.

"तुमचं सामान बोडीत राहून गेलं होतं जी," सुदामभाऊ म्हणाला. "आनून देल्लं."

त्याच्या स्वतःच्या दोन्ही तळव्यांना तेव्हा चिंध्या बांधलेल्या होत्या. मी रागावले, म्हटलं धनुर्वात होईल, चला इंजेक्शन घ्यायला. तर सुई टोचताना हा गडी लहान पोरासारखा डोळे मिटून बसला. असा हा माणूस. मला वाटायचं, मी त्याला चांगलं ओळखते.

दोन हजार सहाच्या उन्हाळ्यात आमच्या घरी टाइल्सचं ठरलं. आमचं घर तसं मोठं, पण सरळसाधं. ओसरी, हॉल, दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि देवघर. सगळीकडं काळी फरशी, सासूबाई लग्न होऊन आल्या त्या वर्षी घातलेली. टाइल्स सडक अर्जुनीहून आणायच्या, बसवणारा पोरगाही तिकडचाच, असं आमच्या ह्यांनी ठरवलं. बातमी गावात पसरायच्या आत सुदामभाऊ आमच्या परसात हजर. स्वतःहून काम मागायला तो कोणाच्या घरी जायचा नाही, म्हणून मला नवल वाटलं.

"बाई, तुमच्या घरची फरशी मी उठवीन. कोनाले फोडू देऊ नका."

"तुम्हीच उठवा. दुसरं कोण आहे?"

तरी तो हलेना. आंब्याच्या बुडाशी उभा राहून पायाच्या त्या लांब बोटानं माती उकरत राहिला.

"एक सांगाचं होतं. घरी सांगू नका."

मी म्हटलं, सांगा. मग तो जे बोलला ते मी त्याच्याच शब्दांत सांगते, कारण माझ्या शब्दांत ते बसत नाही.

"हे फरशी माझ्या बापानं बसवली बाई. लहानूनं. घर बांधून होयेवरी तो सप्पा घरामंदी फिरे. देवघरात बी. तवा कोनाले त्याच्या पायाचा इटार होत नोहता. मंग वास्तू झाली. दुसऱ्या दिवशी थापी इसरली म्हनून आनाले गेला, तं अंगनात उभा केला. थापी वरून टाकली त्याच्या पुढं. पन त्याले हे होनार, ते पयलेच माईत होतं. घरी सांगे, पाटलाच्या घरात माझा पाय आहे. एका फरशीच्या खालच्या अंगाले स्वताचा पाय कोरला, मने, दुपारच्या जेवनाच्या टायमाले. कोनती फरशी ते सांगतलं नाई. लोक हासत. लहानू थापाड्या आहे, मनत. मी आठ वर्साचा होतो तवा तापानं गेला."

"मग?"

"मंग काय. बापाचा फोटू नाई. चेहरा बी आता ध्यानात नाई राहिला. मले एकडाव पाहाचं आहे, तो खरा बोलला का थापा मारल्या."

मी विचारलं, "म्हणून तुम्ही हे काम धरलं?"

"आधी मी मिस्तऱ्याच्या हाताखाली होतो. मंग म्हटलं, एक ना एक दिवस पाटलाच्या घरची निंगेल. त्या दिवशी आपला हात बसेल असला पायजे. नाईतर तीच फरशी फुटली तं?"

म्हणजे शाळेचा व्हरांडा, केशोरीची घरं, अंगणवाडी, गोठे हा सगळा त्याचा सराव होता. प्रत्येक फरशी उलटी करून पाहायची सवय त्यानं हाताला लावून घेतली होती. आणि मी त्याच घरची सून, सात वर्षं त्याच्या गिलासात वरून चहा ओतत होते. आमच्या सासूबाईंनी गोठ्याच्या वळचणीला एक कान तुटलेला कप ठेवलेला होता, तो कोणासाठी ते सगळ्यांना माहीत होतं. मी शिकलेली, शाळेत समतेची प्रतिज्ञा म्हणून घेणारी. पण तो कप मी कधी फेकला नाही. तो गिलास म्हणजे नेटकेपणा नव्हता, त्यानं स्वतःचा अपमान वाचवला होता, असं मला त्या क्षणी वाटलं. खरं तर वाचत आम्ही होतो.

काम सुरू झालं. टाइल्सवाला पोरगा घाईतला. "घन मारतो मॅडम, दोन तासांत मैदान साफ," म्हणाला. मी त्याला सांगितलं, चार दिवस इकडं फिरकू नको. आमचे हे कुरकुरले, पण शाळेला सुट्ट्या होत्या आणि माझा आवाज मोठा होता.

सुदामभाऊनं आधी ओसरी उठवली. मग हॉल. दर फरशी उलटी केली की मी काहीतरी निमित्त काढून तिथून जायची, तो मान हलवायचा. नाही. खोल्या झाल्या, स्वयंपाकघर झालं. नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तो अंगणात फरश्यांच्या राशीपाशी बसला होता. चुन्यानं पांढरे झालेले हात गुडघ्यांवर, चेहरा उतरलेला.

"लहानू थापाड्याच होता वाट्टे बाई," तो म्हणाला.

"देवघर राहिलं आहे," मी म्हटलं.

"तिथं मले कोन जाऊ देते?"

खरंच होतं. सासूबाईंनी पहिल्या दिवशीच बजावलं होतं, देवघराला हात लावायचा नाही. त्या रात्री जेवताना मी विषय काढला. म्हटलं, सगळ्या घरात टाइल्स आणि मधेच एक काळी खोली, कसं दिसेल. सासूबाई म्हणाल्या, "देव आहेत तिथं. तिथं तो कसा शिरेल?" मी म्हटलं, देव माझ्या खोलीत नेऊ, कपाटावर ठेवू. सासूबाईंनी बराच वेळ विचार केला आणि मग तोडगा काढला. देव हलले की ते देवघर राहत नाही, नुसती खोली होते. नुसत्या खोलीत तो शिरला तर चालेल. ऐकून मला लहानूची थापी आठवली. पन्नास वर्षांत आमच्या घरातलं शास्त्र तसूभर हललं नव्हतं.

सकाळी देव हलले, सुदामभाऊ आत शिरला. मी दारातच उभी राहिले, निमित्त न काढता. देव्हाऱ्यापुढची फरशी इतर फरश्यांहून गुळगुळीत होती, कारण सासूबाई रोज पहाटे तिच्यावरच बसून पूजा करायच्या. त्यानं ती वाजवली. पाचर घातली. पाणी सोडलं. एरवी भराभर चालणारे त्याचे हात त्या दिवशी थबकत होते. फरशी सुटली, बारदानावर आली. त्यानं ती दोन्ही हातांनी उलटी केली आणि ओल्या फडक्यानं चुना पुसला. मग नखानं खरवडला.

पाऊल होतं. छन्नीनं कोरलेली ठळक रेघ, टाचेपासून बोटांपर्यंत. अंगठ्याशेजारचं बोट अंगठ्यापेक्षा नखभर लांब.

सुदामभाऊ आणखी जवळ सरकला. त्या बोटावरून आपलं बोट फिरवत राहिला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात मागून सासूबाई आल्या, काठी टेकत, काम कुठवर आलं ते पाहायला. त्यांनी फरशीकडं पाहिलं आणि हातातली काठीच सोडली.

"अगं माय. देवाचं पाऊल."

त्यांना कोण आनंद झाला. मला म्हणाल्या, कुंकवाचा करंडा आण. मी आणेना, तर स्वतः जाऊन घेऊन आल्या. पावलावर कुंकू वाहिलं. गुडघे दुखत होते तरी खाली बसल्या आणि त्या पावलावर डोकं टेकवलं. "इतकी वर्षं मी तुझ्यावर बसून तुझीच पूजा केली रे बाबा," असं पुटपुटत होत्या. आमचे हेही धावत आले. म्हणाले, ही फरशी आता इथंच, देव्हाऱ्यात उभी बसवायची, भोवती संगमरवराची चौकट करायची. गावात सांगायला कोणीतरी निघालंसुद्धा.

मला सगळं माहीत होतं. एक वाक्य बोलायचं होतं फक्त. आणि मी गप्प बसले. सासूबाईंचं वय, घराचं नाव, गावातली चर्चा, काय काय माझ्या डोक्यात आलं त्या क्षणात. सुदामभाऊनं एकदा माझ्याकडं पाहिलं. मी नजर खाली घातली. ज्या एका फरशीसाठी त्यानं उमर घातली ती त्याच्या डोळ्यांदेखत आमचा देव होऊन बसत होती, आणि मी करंड्याचं झाकण लावत होते.

तो पुढं झाला, सासूबाईंच्या शेजारी उकिडवा बसला.

"पाटलीनबाई, उठा जी. गुडघे दुखतीन." मग तसाच हळू आवाजात म्हणाला, "हा देव नोहे. हा माझा बाप होय."

त्यानं आपला उजवा पाय उचलला आणि त्या रेघेवर ठेवला. रेघेबाहेर काही आलं नाही. लांब बोटाशी लांब बोट.

आमचे हे तापले. "आमच्या देवघरात..." असं काहीतरी म्हणायला लागले. सासूबाईंनी हात वर करून त्यांना थांबवलं. त्या फरशीकडं पाहत होत्या.

"लहानू," त्या म्हणाल्या. "तो काळा, उंच. काम करताना गाणं म्हणायचा."

सुदामभाऊनं मान वर केली. "तुमाले आठोते?"

"मी चौदा वर्षांची होते. चुन्यात घालायला पाणी मीच आणून द्यायची. एक दिवस मला म्हणाला, सूनबाई, देवापुढं हे फरशी बसवली, तुमी हिच्यावर बसत जा. सप्प्या घरात हे सगळ्यात थंड आहे. तेव्हापासून मी दुसरीकडं बसले नाही." मग म्हणाल्या, "तुम्ही लोक गेल्यावर ही सगळी फरशी मला गोमूत्रानं धुवायला लावली होती. मीच धुतली. ही पण."

एवढं बोलून त्यांनी हात पुढं केला. माझ्याकडं नाही, सुदामभाऊकडं. त्यानं तो धरला आणि त्यांना उठवलं. सासूबाईंनी त्याला हात लावल्याचं मी पहिल्यांदाच पाहिलं.

"ने बाबा तुझा बाप," त्या म्हणाल्या. "खूप वर्षं राहिला आमच्याकडं."

फरशी बारदानात गुंडाळून त्यानं अंगणात आणली. हातपंपाखाली धरून कुंकू धुऊन टाकलं. सासूबाई ओसरीवरून पाहत होत्या. "बापाले आता हे चालत नाई जी," तो त्यांना म्हणाला. त्या उठून आत गेल्या. थोड्या वेळानं त्यांनी आतून चहा पाठवला, घरातल्या कपबशीत. सुदामभाऊनं कपबशी घेतली, चहा आपल्या गिलासात ओतला आणि कप परत केला. मी पाहतच राहिले, तर म्हणाला, "सवय आहे बाई." रागानं म्हणाला की गमतीनं, ते मला अजून कळलेलं नाही.

निघताना त्यानं माझ्याकडं एक गोष्ट मागितली. चित्रकलेचा मोठा कागद. मी शाळेच्या सामानातला सगळ्यात जाड कागद काढून दिला. पावलावर तो पसरून त्यानं वरून कोळसा घासला. कागदावर पाऊल उमटलं. मग त्याची सुरळी केली आणि बैलगाडी हाकली. आमच्या ओसरीच्या, हॉलच्या फरश्या वस्तीतल्या विहारापुढं बसल्या. स्वयंपाकघरातल्या समाजमंदिरात, जिथं लग्नाच्या पंगती बसतात तिथं. विहारातल्या लोकांनी पावलाची फरशीही मागितली होती, असं मागाहून कानावर आलं. त्यानं दिली नाही. "बाप जलमभर बाहेर होता, आता घरी राहू द्या त्याले," म्हणाला.

आमच्या घरात टाइल्स बसल्या. सासूबाईंना त्या मानवल्या नाहीत. पूजेला घोंगडी घालून बसायच्या आणि तक्रार करायच्या की खालून गारवा येत नाही. तो कान तुटलेला कप एक दिवस वळचणीवरून नाहीसा झाला. मी फेकला नव्हता. मला फेकायला जमलंच नव्हतं.

पुढं सुदामभाऊचे गुडघे गेले, काम सुटलं. बाजारात दिसायचा, मग तिथंही दिसेनासा झाला. मी काही भेटायला गेले नाही. वस्ती आमच्या घरापासून चालत दहा मिनिटं. शेवटच्या आजारात सासूबाईंनी मला विचारलं, "लहानूची फरशी त्यानं कुठं बसवली गं?" मी म्हटलं, उद्या जाऊन विचारते. उद्या करता करता त्या गेल्या.

त्यांचं सगळं कार्य आटोपल्यावर मी वस्तीत गेले. दोन हजार तेरा साल असेल. एवढ्या वर्षांत सुदामभाऊ आमच्या देवघरापर्यंत येऊन गेला होता, आणि मी त्याच्या दारात पहिल्यांदाच उभी होते. दोन खोल्यांचं घर. खाली जमीन ठिगळाठिगळांची. एक फरशी शाळेच्या व्हरांड्यातली, घनानं चार तुकडे झालेली, जुळवून बसवलेली, ती मी लगेच ओळखली. बाकीच्या कुठकुठल्या, कोणालाच नको झालेल्या. भिंतीवर त्या वस्तीत प्रत्येक घरी असतात त्या दोन तसबिरी. आणि त्यांच्या खाली, वडलांचा फोटो लावतात त्या जागी, काचेच्या चौकटीत माझा तो चित्रकलेचा कागद. काळं पाऊल, लांब बोटाचं. त्याला हार नव्हता, काही नव्हतं.

सुदामभाऊ खाटेवर होता. खूप वाळला होता. मला पाहून उठायला लागला, मी नको म्हटलं.

"पाटलीनबाई गेल्या, आयकलं," तो म्हणाला. "माझ्यानं येनं झालं नाई."

"त्या विचारत होत्या, फरशी कुठं बसवली म्हणून."

"दाराच्या आतमंदी पयलीच. पाय खालच्या अंगालेच ठेवला. बापानं बसवली होती, तशीच बसवली. घरात येनारा कोनी बी असो, आधी तिच्यावरच येते." मग तो हसला. "तुमी बाहेर कायले उभ्या आहा जी?"

मी खरंच उंबऱ्याबाहेर उभी होते. म्हणणार होते, इथूनच बरं आहे, घाई आहे. ओठांवर आलं होतं. मी चपला काढल्या आणि आत पाय टाकला. बसायला खुर्ची दिसते का ते पाहत होते.

"खुर्ची नाई बाई. तिथंच बसा," तो म्हणाला. "हे सगळ्यात थंड आहे."

मी पदर सावरून खाली बसले. फरशी खरंच थंड होती.